'जागेवर बघू' सोडताना

नमस्कार श्रोतेहो. आजचं बोलणं मुख्यतः सुतारकामातल्या माझ्या भाईबंदांसाठी आहे, ज्यांचं दोन-चार माणसांचं किचन-वॉर्डरोबचं वर्कशॉप आहे किंवा काढायचा विचार आहे त्यांच्यासाठी. घरी किचन करून घेणार असाल तर तुम्हीही ऐका. ॲडव्हान्स देण्याआधी वर्कशॉपमध्ये काय बघायचं, ते कळेल.

पूर्वी मिस्त्री घरी यायचे. प्लाय जिन्यातून वर चढायचा, गॅलरीत करवत चालायची आणि दोन-दोन महिने डाळीच्या डब्यातसुद्धा भुसा सापडायचा. आता गिऱ्हाइकाला तो पसारा नको असतो. माल वर्कशॉपमध्ये बनतो आणि घरी फक्त फिटिंग होतं. पण यात एक मेख आहे. घरी काम करताना माप जरा इकडेतिकडे झालं, तर 'जागेवर बघू' म्हणून रंधा मारता यायचा. ती सोय आता गेली. तरी बरीच वर्कशॉप त्याच भरवशावर चालतात. तिथला कचरा, खोळंबा आणि नासाडी यांचं मूळ शोधत गेलात, तर बहुतेक वेळा याच दोन शब्दांशी येऊन थांबाल.

सुरुवात मापापासून. फ्लॅटची भिंत ओळंब्यात आहे असं कधीच धरू नका. दोन भिंतींमधलं माप खाली, मध्ये आणि वर असं तीन ठिकाणी घ्यायचं, त्यातलं सर्वांत लहान धरायचं आणि उरलेली फट फिलर पट्टीनं झाकायची. कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात आहे की नाही ते बघायला एका भिंतीवर 3 फुटांवर खूण करा, दुसरीवर 4 फुटांवर. तिरपं माप बरोबर 5 फूट आलं पाहिजे. आणि हे सगळं टाइल्स बसल्यानंतर.

दुसरं म्हणजे, वर्कशॉपमध्ये माप एकाच भाषेत असू द्या. मिस्त्री सुतात, म्हणजे इंचाच्या आठव्या भागात बोलतो, ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये येतं. सहा सूत म्हणजे जवळपास 19 मिलिमीटर आणि प्लाय असतो 18 चा. एका मिलिमीटरनं काय होतंय? ओळीत कपाटाचे चार बॉक्स लावा, उभ्या बाजू झाल्या आठ. 19 धरून हिशेब केला तर आठ मिलिमीटर गेले, आणि शेवटचा बॉक्स आणि भिंत यांच्यात तेवढी फट राहिली. त्यातही 18 चा म्हणून आलेला प्लाय कधी साडेसतराच भरतो. शीट आली की जाडी मोजायचा व्हर्नियर लावा. टेपसुद्धा सगळ्यांचे एकमेकांशी ताडून घ्या, कारण टेपचा हूक वाकला की तो गुपचूप खोटं बोलायला लागतो.

मग कटिंग लिस्ट. आठ बाय चारची शीट मशिनवर चढवण्याआधी तिचे सगळे तुकडे कागदावर पडलेले हवेत. पात्याची जाडी साधारण 3 मिलिमीटर, म्हणजे प्रत्येक कापात तेवढं लाकूड भुश्यात जातं; ते धरलं नाही तर शेवटची पट्टी कमी भरते. दोन्ही कडांना 2 मिलिमीटरची एज बँड, म्हणजे कड झाकायची पट्टी लागणार असेल, तर तुकडा 4 मिलिमीटरनं लहान कापायचा. आणि कापल्या कापल्या प्रत्येक तुकड्यावर पेन्सिलीनं लिहायचं: कुणाचं काम, कितवा बॉक्स, कोणती बाजू, पट्टी कुठल्या कडेला. लिहायला दहा सेकंद लागतात. न लिहिलेला तुकडा शोधण्यात अख्खी दुपार जाते, शिवाय कुणीतरी तो नवा कापून मोकळा होतो.

18 मिलिमीटरची शीट तीस-पस्तीस किलोंची असते. ती जितक्यांदा उचलाल तितके कोपरे मोडतील आणि कंबरही. म्हणून शीटचा स्टॅक दारापाशी आणि पॅनल सॉ, म्हणजे शीट कापायचं मशिन, त्याच्या शेजारी. असेंब्लीचं टेबल सॉच्या उंचीचंच करा, म्हणजे कापलेला तुकडा सरकत पुढे जातो. छोटे उरलेले तुकडे मात्र निर्दयपणे काढून टाका. 'कधीतरी लागेल' म्हणून भिंतीला टेकवलेले तुकडे महिनोन्‌महिने भाडं न देता राहतात.

आता भुसा. झाडू मारणं म्हणजे सफाई नव्हे. कोरड्या झाडूनं बारीक धूळ वर उडते, तासन्‌तास हवेत राहते आणि छातीत जाते. कॉम्प्रेसरची हवा मारणं तर त्याहून वाईट. लाकडाच्या धुळीमुळे नाकाचा कॅन्सर होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं 1995 मध्येच नोंदवलं आहे. एमडीएफच्या धुळीत वर रेझिनही असतं. तेव्हा धूळ पात्यापाशीच ओढून घ्यायची. डस्ट कलेक्टर सॉजवळ ठेवा; वळणावळणाचा लांब होज लावला की ओढ निम्मी मरते. पैसे एकाच मशिनपुरते असतील तर नवीन एज बँडर थांबू द्या, आधी कलेक्टर घ्या. हे माझं ठाम मत आहे.

ही धूळ धंद्यालाही भोवते. लॅमिनेट लावताना बघा. प्लायवर फेविकॉल पसरलं, वर 1 मिलिमीटरचं चकचकीत लॅमिनेट ठेवलं, प्रेस केलं. तेवढ्यात गोंदावर भुश्याचा एक कण बसलेला असतो. त्या वेळी काहीच दिसत नाही. दुसऱ्या दिवशी शटर, म्हणजे कपाटाचं दार, उभं करून ट्यूबलाइटच्या उजेडात तिरपं बघितलं, की पुटकुळीसारखा दाणा वर आलेला. त्यावर उपाय नाही, शटर बाद. म्हणून पेस्टिंगची जागा सॉपासून लांब, मध्ये निदान एक जाड पडदा. पेस्टिंग सकाळी, मशिन सुरू होण्याआधी. आणि आतल्या बाजूलाही लायनर, म्हणजे पातळ लॅमिनेट, लावायचाच. एकाच बाजूला लॅमिनेट लावलेलं शटर पावसाळा लागला की धनुष्य होतं.

पुणे-पिंपरी भागात गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते. त्या दिवशी पाती धारेला पाठवा, कलेक्टरच्या पिशव्या झटका, पुढच्या आठवड्याच्या लिस्ट काढा. हिंजचं, म्हणजे बिजागरीचं, भोक पाडायच्या 35 मिलिमीटरच्या बिटची धारही तेव्हाच बघा. बोथट बिट जोर देऊन दाबलं, तर 18 च्या शटरला आरपार जायला वेळ लागत नाही.

पॉलिशचे कपडे भुश्यात टाकू नका. जवसाच्या तेलानं भिजलेला बोळा आपोआप तापून पेट घेऊ शकतो. झाकणाचा पत्र्याचा डबा, आत पाणी. थिनर ग्राइंडरपासून दूर.

शेवटी टेम्पो. जो बॉक्स सगळ्यात शेवटी बसणार, तो आधी चढवायचा. आणि ऑर्डर घेतानाच सोसायटीच्या वॉचमनला दोन गोष्टी विचारून ठेवा: ड्रिलिंग किती ते किती चालतं, आणि लिफ्ट आतून किती उंच आहे. आठ फुटी वॉर्डरोबचं शटर सात फुटी लिफ्टमध्ये उभं राहत नाही. जिन्यातून वळत नसेल तर तो वॉर्डरोब खाली कपाट, वर लॉफ्ट असा दोन भागांत करायचा, आणि हे प्लाय कापायच्या आधी ठरलेलं असलं पाहिजे. लिफ्टचं माप कटिंग लिस्टच्या डोक्यावरच लिहून टाका.

नमस्कार.