सीतेच्या वेणीचं आडनाव

नमस्कार श्रोतेहो. पावसाच्या तोंडावर कोकणात, गोव्यात जुन्या झाडांच्या खोडांवरून सीतेची वेणी हे ऑर्किड लोंबू लागतं. पांढऱ्या फुलांवर जांभळे ठिपके, घोस चांगला वीतभर. ओळख पटायला वेळ लागत नाही. हिचं शास्त्रीय नाव मात्र कोणत्या काळातलं पुस्तक उघडता त्यावर अवलंबून! शास्त्रीय नावातला पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे जणू आडनाव; दुसरा त्या जातीचं स्वतःचं नाव.

1693 साली मलबारच्या वनस्पतींवरच्या ‘हॉर्टस मलबारिकस’ या ग्रंथाच्या बाराव्या खंडात हिचं चित्र छापलं गेलं. त्या चित्राच्या आधारे शास्त्रीय नावांची पद्धत रुळवणाऱ्या लिनियसने 1753 मध्ये नाव ठेवलं एपिडेंड्रम रेटुसम. झाडावर वाढणारी ऑर्किडं तो सरसकट एपिडेंड्रममध्ये घालायचा. पुढच्या काही ग्रंथांत हीच सॅकोलेबियम गुट्टाटम झाली, म्हणजे आडनावासकट नावही गेलं. पण आडनाव बदललं तरी जातीचं सर्वांत जुनं नाव टिकवायचं, असा नियम आहे. म्हणून आज ती ऱ्हिंकोस्टायलिस रेटुसा.

तिची शेजारीण एरिडिस, हेही झाडावरचं ऑर्किड. जुन्या पुस्तकांत मॅक्युलोसम, नव्या याद्यांत मॅक्युलोसा. फूल तेच, भांडण एवढंच की ‘एरिडिस’ नपुंसकलिंगी की स्त्रीलिंगी. (ऑर्किड ‘ते’ की ‘ती’, हे आपलं तरी कुठे ठरलंय?) मला हा वाद फुकाचा वाटतो.

खरी अडचण फुलातच आहे. ऑर्किडचा ओठ (म्हणजे इतरांहून वेगळी दिसणारी पाकळी), त्याला जोडलेली पोकळ नळी म्हणजे शुंडिका, परागांचे गोळे, यांवर वर्गीकरण उभं. आणि वनस्पतिसंग्रहासाठी फूल कागदात दाबलं की रंग उडतो, शुंडिका चपटी होते, ती कुठे वळली होती हे कळेनासं होतं. अशा वाळक्या नमुन्यांवरून नवी जात जाहीर झाली, तर तीच वनस्पती आधीच दुसऱ्या नावाने नोंदलेली निघू शकते. म्हणून जाणकार एखाददुसरं फूल स्पिरिटमध्ये ठेवतात.

आता डीएनए आला. 2021 मध्ये जिओडोरम या ऑर्किड-प्रजातीची स्वतंत्र चूल मोडून ती युलोफिया या दुसऱ्या प्रजातीत घातली गेली. नातं म्हणून ते पटतं. पण कागदोपत्री गोंधळ होतोच. सगळं ऑर्किड कुळ आंतरराष्ट्रीय व्यापार-नियंत्रणाच्या, म्हणजे साइट्सच्या यादीत आहे, आणि परवान्यावर नाव लागतं.

रानात फोटो काढाल तेव्हा फूल न तोडता समोरून काढा, आणि बाजूनेही. सीतेच्या वेणीची पिशवीसारखी शुंडिका मागे वळलेली दिसेल, एरिडिसची शुंडिका पुढे, ओठाखाली. समोरून काढलेल्या फोटोत हा फरक सहसा येत नाही.