कडू वाटणारा माणूस

नमस्कार श्रोतेहो.

इटलीतल्या असिसीचे संत फ्रान्सिस १२२६ साली गेले. शेवटच्या दिवसांत त्यांनी आपल्या संघातल्या बंधूंसाठी मृत्युपत्र लिहवून घेतलं. आपलं मन कुठून पालटलं, हे त्यात सुरुवातीलाच आहे. बिशपांसमोर अंगावरचे कपडे उतरवून वडिलांना परत केले, तो प्रसंग चित्रांमुळे सगळ्यांना ठाऊक असतो. इथे तो नाही. इथे कुष्ठरोगी आहेत. त्यांना पाहणंही फार कडू वाटायचं, देवानंच मला त्यांच्यात नेलं, मी त्यांच्यावर दया केली आणि निघालो तेव्हा तेच कडू गोड झालं होतं, असं ते सांगतात.

आधी पाय त्यांच्याकडे वळले, मग हात पुढे झाले, मन सगळ्यांत शेवटी पालटलं. आपण मन तयार व्हायची वाट बघत बसतो.

तर रात्री दहा मिनिटं काढा. शुभवर्तमानातल्या चार-पाच ओळी सावकाश वाचा. मग आज कुणाला टाळलं, ते आठवा. एकच नाव घ्या. पाच घेतली की एकही धड होत नाही. उद्या त्या माणसासाठी एक छोटी गोष्ट ठरवा. बांधावरून बोलणं तुटलेला भाऊबंद कोल्हापुरात गंगावेशीत दूधकट्ट्यावर दिसला, तर वाट न बदलता, "काय अण्णा, बरं हाय न्हवं?" एवढंच विचारा. कुष्ठधामाला पाकीट पाठवणं चांगलंच, पण पाकिटाआड आपला हात लांबच राहतो. जमलं तर स्वतः जा, शेजारी बसा.

अण्णांनी तोंड फिरवलं, तर? खरी परीक्षा तिथे आहे. फ्रान्सिस आपल्या उपदेशवचनांत बजावतात: सगळं मनासारखं चाललंय तोवर आपल्यात सहनशीलता किती, हे कळतच नाही, उलटं घडल्यावर जेवढी उरते, तेवढीच खरी. प्रार्थना, उपवास भरपूर करणारे एका लागट शब्दानं पेटतात, हेही ते स्पष्ट सांगतात. म्हणून राग आला तर दडपू नका, रात्री तोच देवापुढे ठेवा आणि नाव तेच ठेवा. मात्र जिथे मारहाण किंवा छळ आहे, तिथे जाऊ नका. त्या माणसासाठी दुरून प्रार्थना करा.

प्रापंचिक फ्रान्सिस्कनांच्या, म्हणजे संसारात राहून फ्रान्सिसच्या वाटेनं चालणाऱ्यांच्या, १९७८च्या नियमात मनाचं हे परिवर्तन रोजचं मानलंय, कारण माणूस दुबळा आहे. महिनाभर एखाद्या नावाबाबत मन हललंच नाही, तर पापनिवेदनात धर्मगुरूंपाशी ते मोकळेपणानं बोला.