जुन्या फोटोतले काळे मोजे

पडद्यावर आहे तो फोटो १८६९ चा, अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहराच्या रेड स्टॉकिंग्ज (म्हणजे लाल मोजे) या बेसबॉल संघाचा. आपल्या खेळाडूंना उघडपणे पगार देणारा हा पहिला संघ, आणि त्या वर्षी तो एकही सामना हरला नाही. नावात लाल मोजे आहेत. फोटोत मात्र मोजे काळे दिसतायत, छातीवरचं ‘सी’ अक्षरही काळंच.

फोटो खोटा नाही. त्या काळी फोटोसाठी वापरायचे ती ओल्या कोलोडियनची (चिकट रसायनाचा ओला थर दिलेली) काच निळ्या प्रकाशाला चटकन दाद द्यायची, लाल प्रकाशाला जवळजवळ आंधळी असायची. म्हणून लाल काळं उतरायचं आणि फिकं निळं पांढरं. त्या काळच्या फोटोंमध्ये आकाश नेहमी कोरं दिसतं, त्याचं कारण हेच. १८८० च्या सुमारास जिलेटिनच्या कोरड्या काचा आल्या, वापरायला सोप्या, पण लाल रंगाच्या बाबतीत फार काही सुधारलं नाही. सगळे रंग पकडणाऱ्या काचा बाजारात यायला विसावं शतक उजाडलं. तेव्हा पांढऱ्या शर्टातला संघ दिसला की तो खरंच पांढरा होता की आकाशी, हे नुसत्या फोटोवरून सांगता येत नाही. जे छातीठोकपणे सांगतात त्यांच्यापासून जरा जपून राहा.

मग वर्तमानपत्रांकडे जायचं. तिथले वार्ताहर कपड्यांबद्दल बरंच लिहायचे. पण एक भेद ध्यानात ठेवावा लागतो. सीझन सुरू होण्याआधीची बातमी सांगते काय शिवायला टाकलंय ते. सामन्याचा वृत्तान्त सांगतो मैदानावर प्रत्यक्ष काय दिसलं ते. दोन्ही जुळले तर उत्तम. नाही जुळले तर मी सामन्याच्या बाजूने जातो. आणि रंगीत लिथोग्राफ, म्हणजे दगडावरून छापलेली चित्रं? भिंतीवर लावायला सुंदर. पण चित्रकारासमोर बहुतेक वेळा काळापांढरा फोटोच असे, त्यामुळे त्याच्या रंगांना मी पुरावा मानत नाही.

सिनसिनाटीचा पोशाख ठरवणारा हॅरी राइट मुळात क्रिकेटवाला. जन्म शेफिल्डचा, सिनसिनाटीला आला तोही क्रिकेट क्लबचा पगारी खेळाडू म्हणून. पांढरं फ्लॅनेल आपल्यालाही ओळखीचं आहे. नवं होतं ते गुडघ्यापाशी संपणारी तुमान आणि खाली उघडे दिसणारे रंगीत मोजे. त्याआधी संघ घोट्यापर्यंतच्या पँटी घालायचे. १८७१ मध्ये राइट बोस्टनला गेला आणि लाल मोजे सोबत घेऊन गेला, नावासकट.

मोज्यांचा खरा गोंधळ १८८२ चा. नॅशनल लीग या अमेरिकेतल्या बेसबॉल संघांच्या संघटनेने फर्मान काढलं की संघ ओळखायचा तो मोज्यांवरून, आणि शर्ट-टोपीचा रंग ठरणार खेळाडूच्या जागेवरून. चेंडू टाकणारा पिचर फिका निळा, तो झेलायला मागे बसणारा कॅचर लालभडक, दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधे उभा राहणारा शॉर्टस्टॉप मरून. दोन्ही संघांना हाच नियम! म्हणजे पहिल्या बेसवर उभा असलेला खेळाडू आणि धावत येऊन त्याच्या शेजारी थांबलेला प्रतिस्पर्धी संघातला त्याच्याच जागेचा खेळाडू, दोघांचे शर्ट एकसारखे. खेळाडू वैतागले, आणि सीझन संपायच्या आत हा प्रकार गुंडाळला गेला. संशोधकाची मात्र पंचाईत कायम आहे. असा संघ कोलोडियनच्या काचेवर आला असता तर पिचर पांढरा आणि कॅचर काळा दिसला असता, आणि तुम्ही-आम्ही हे दोन वेगळे संघ समजून मोकळे झालो असतो.

फोटो कुठल्या सालचा, हे कसं ठरवायचं? पाठीवर नंबर नाहीत. ती पद्धत नेहमीची झाली १९२९ नंतर. १८८०च्या दशकाच्या अखेरीस ओल्ड जज सिगारेटच्या पाकिटात खेळाडूंची छोटी फोटोकार्डं यायची. फोटो स्टुडिओतले, चेंडू दोरीला टांगलेला. काही कार्डांवर ती दोरीही दिसते. खेळाडूने संघ बदलला की कधीकधी तोच फोटो ठेवून खालचं संघाचं नाव तेवढं बदलायचे. आता कोणी त्या नावावरून पोशाखाचं साल ठरवतो, मग त्या पोशाखावरून दुसऱ्या फोटोचं साल, आणि तो दुसरा फोटो पहिल्याला पुरावा म्हणून दाखवतो. अशी गोल फिरणारी साखळी मोडायची तर छापील नाव हाताने झाकायचं आणि शर्ट बघायचा: पुढे दोरी ओवलेली आहे की बटणं, कॉलर आहे की नाही, अक्षरं कुठल्या वळणाची. त्यानंतर त्याच शहराच्या वर्तमानपत्रातला सामन्याचा वृत्तान्त काढायचा.