सह्याद्रीच्या ओढ्यांतील माशांच्या जागा

श्रोतेहो, नमस्कार.

सह्याद्रीतून उतरणारा एखादा ओढा काठावरून पाहिला, की सगळे पाणी आपल्याला एकसारखेच दिसते. माशांच्या लेखी मात्र त्याच ओढ्यात अनेक निरनिराळ्या जागा असतात. खडकांवरून खळाळत जाणारे उथळ पाणी वेगळे, त्याच्या पायथ्याचा डोह वेगळा, काठच्या मुळ्यांखालची सावली वेगळी. कोणता मासा कोठे राहील, हे बहुतांशी पाण्याचा वेग, त्याची खोली, तळाचे स्वरूप आणि पाण्यात विरघळलेला प्राणवायू यांवर ठरते. थंड पाण्यात प्राणवायू अधिक मावतो. समुद्रसपाटीला १० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात तो लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम राहू शकतो, तर ३० अंशांना जेमतेम साडेसात. म्हणूनच ओढ्यावर झुकलेली झाडे तोडली, की खालच्या माशांना त्याची झळ लागते.

खळाळत्या पाण्यात मल्या हा मासा अवश्य पाहावा. त्याचे तोंड खालच्या बाजूस असते आणि खालच्या ओठामागे मांसल चकती असते. तिच्या आधाराने तो दगडाला धरून राहतो आणि दगडावरचे शेवाळ खरवडून खातो. प्रवाह कितीही जोराचा असला, तरी दगडाच्या अगदी लगत पाण्याचा वेग बराच कमी असतो. अंगाने चपटे किंवा सडपातळ असलेले तळाचे मासे या पातळ, संथ थराचा आणि दगडांआडच्या जागेचा फायदा घेतात. ग्लिप्टोथोरॅक्स गटातील छोटे मिशीवाले मासे तर छातीवरील वळ्यांच्या साहाय्याने खडकाला चिकटतात. असे मासे धरणाच्या फुगवट्यात सापडले नाहीत, तर त्यात नवल नाही. पाणी भरपूर असले तरी त्यांना हवी असलेली जागा तेथे उरलेली नसते.

महाशीराची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. निसर्ग अभ्यासक कर्नल साईक्स यांनी १८३९ मध्ये ज्याचे शास्त्रीय वर्णन केले, तो दख्खनचा महाशीर मोठेपणी खोल डोह पसंत करतो. महाड तालुक्यात काळ नदीवरील वाळणकोंड येथे वरदायिनी देवीच्या श्रद्धेमुळे हे मासे कोणी मारत नाही. ही परंपरा मला फार मोलाची वाटते. परंतु महाशीराचे सगळे आयुष्य डोहात जात नाही. अंडी घालण्यासाठी त्याला वाहत्या, स्वच्छ पाण्याखालची वाळू-खडी लागते. अंडी जड असल्याने तळाशी बसतात आणि खडीच्या फटींतून खेळणाऱ्या पाण्यावरच त्यांचा श्वास चालतो. डोंगर फोडून केलेल्या रस्त्याची माती पहिल्या पावसात ओढ्यात उतरली, की त्या फटी बुजतात आणि अंडी गुदमरतात. वाळूउपशाने तर ती खडीच नाहीशी होते.

उन्हाळ्यात अनेक ओढ्यांचा प्रवाह तुटतो. मग वरच्या उथळ पाण्यातले मासेही उरलेल्या डोहांत गोळा होतात, आणि अशा वेळी एका डोहात सुरुंग उडवला किंवा विष कालवले, तर ओढ्याच्या मोठ्या पट्ट्यातील पुढची पिढी एका दिवसात संपते. जे वाचतात, ते जूनमधील पहिल्या मोठ्या पावसाबरोबर पुन्हा वर निघतात. कोकणात याला वलगण म्हणतात, घाटावर चढणीचे मासे म्हणतात. पोटात अंडी असलेले हे मासे याच दिवसांत सर्वांत सहज हाती लागतात; निदान पहिले काही दिवस तरी जाळी आणि सापळे बाजूला ठेवावेत, अशी माझी आपणांस कळकळीची विनंती आहे.

या चढणीला आणखी एक अडथळा आहे, तो बंधाऱ्यांचा. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या काढत्या-घालत्या फळ्या, पावसाळ्यापूर्वी काढले जातात, त्यामुळे निदान काही माशांना वर जाता येते. सिमेंटच्या पक्क्या नालाबांधाला अशी वाट नसते. नवा बांध आखतानाच एका कडेला पायऱ्यापायऱ्यांचा उतार ठेवला, तर मोठ्या माशांनाही वरची खडी गाठणे शक्य होईल; मात्र त्या उतारावरून पावसाळाभर पाणी वाहते राहील, एवढी उंची आराखड्यातच धरावी लागेल.