लगीन तोंडावर आलंय

(दृश्य : निपाणी. तंबाखूच्या जुन्या वखारीचं दार. ओसरीवर बसलेली आत्या.)

माझ्या आत्याची उमेदीची वर्षं तंबाखूच्या वखारीत गेली. मिश्रीची सवय तिथलीच. साठी उलटेपर्यंत दोन दात गेले. एक खालचा, सुळ्यामागचा. दुसरी वरची, मागची दाढ. तिचं काही अडलं नव्हतं. पण वैशाखात नातीचं लग्न ठरलं. “लगीन तोंडावर आलंय, आन् तोंडात दात न्हाई,” आत्या म्हणाली. सोयरे गोकाकचे. म्हणजे करदंट, ती डिंक-सुक्यामेव्याची चिवट मिठाई, येणार हे ठरलेलं.

(दृश्य : बेळगाव. बाजारातल्या पाट्या. दवाखान्याचा जिना.)

लग्नाला तीन आठवडे असताना आम्ही बेळगाव गाठलं. पाटी कानडीत आणि इंग्रजीत. आत्याला मी वाचून दाखवली : एका दिवसात दात.

पाटी खोटी नाही. पण त्या एका दिवसामागे काही महिने दडलेले असतात, ते पाटीवर मावत नाहीत.

हा दात बसतो इम्प्लांटवर. इम्प्लांट म्हणजे दाताचं कृत्रिम मूळ. साधारण ४ मिलिमीटर जाड आणि १० मिलिमीटर लांब असा टायटॅनियमचा स्क्रू. १९५२ साली स्वीडनमध्ये पेर-इंगवार ब्रोनेमार्क सशाच्या हाडातलं रक्ताभिसरण तपासत होते. त्यासाठी बसवलेलं टायटॅनियमचं छोटं उपकरण काम झाल्यावर निघेचना. हाडानं ते धरून ठेवलं होतं. १९६५ मध्ये त्यांनी माणसाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले.

त्यांची रीत सबुरीची. स्क्रू बसवायचा, वरून हिरडी शिवून टाकायची, आणि वाट बघायची. खालच्या जबड्यात तीन-चार महिने, वर सहा. मग हिरडी उघडून त्यावर कॅप. आजही जुनी पद्धत म्हणतात ती हीच.

एका दिवसाच्या पद्धतीत स्क्रू तोच, हाडही तेच. फक्त त्याच दिवशी वर तात्पुरता दात लावतात. हाड भरायला लागतात तेवढेच महिने लागतात. घरात लग्न आहे हे हाडाला कोण सांगणार?

(दृश्य : सीबीसीटी स्कॅनचा, म्हणजे जबड्याच्या त्रिमितीय एक्स-रेचा पडदा. जबड्याचे आडवे-उभे छेद.)

खानापूरकडच्या जांभ्यात मेख ठोकली तर पहिल्याच दिवशी घट्ट बसते. पावसानं भिजलेल्या काळ्या रानात तीच मेख हलते. जबड्याचंही तसंच. खाली पुढच्या बाजूला हाड टणक. वर मागे ते मऊ, आणि त्याच्या डोक्यावर सायनसची पोकळी. आत्याची वरची दाढ जाऊन बरीच वर्षं झालेली, त्यामुळे तिथलं हाड झिजून उंचीही कमी झालेली.

डॉक्टर म्हणाल्या, “मावशी, खालचा दात आज देते. वरच्या दाढेला थांबावं लागेल.”

एकाच तोंडात दोन्ही पद्धती. आत्याला हे काही पटलं नाही.

खालचा स्क्रू बसवताना डॉक्टर पकड, म्हणजे तो पिळायला लागणारा जोर, मोजत होत्या. ३५ न्यूटन-सेंटिमीटरच्या आसपास पकड मिळाली तरच त्याच दिवशी दात. ती मिळाली. संध्याकाळी प्लास्टिकचा तात्पुरता दात बसला. मुद्दाम थोडा आखूड, समोरच्या दाताला टेकू नये असा. दिसायला दात, चावायला नाही. स्क्रू दीडशे मायक्रॉनपेक्षा, म्हणजे ०.१५ मिलिमीटरपेक्षा, जास्त हलत राहिला तर भोवती हाडाऐवजी मऊ तंतू भरतात, आणि मग तो काढावाच लागतो.

पाटीवर नसलेली खरी गोष्ट पुढेच आहे. पहिल्या दिवशी स्क्रूला जुन्या हाडाची पकड असते. जखम भरताना शरीर स्क्रूलगतचं ते हाड थोडं थोडं काढून नवं घालतं. जुनं सैल झालंय आणि नवं अजून पक्कं नाही, असा काळ साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येतो. तोवर सूज गेलेली, दुखणं थांबलेलं, माणूस निर्धास्त. आत्याच्या बाबतीत हा तिसरा आठवडा म्हणजे बरोबर लग्नाचा मांडव.

(दृश्य : कागदांवर अंगठ्याशेजारी सही.)

संमतीपत्र इंग्रजीत होतं. मी हट्टानं प्रत्येक ओळ मराठीत सांगायला लावली, आणि डॉक्टरांनी सांगितलीही. खर्चाच्या कागदावर तात्पुरता दात आणि नंतरची पक्की कॅप, दोन्ही धरलेत का तेही विचारलं. स्क्रूची कंपनी आणि माप लिहिलेलं कार्ड आत्यानं रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवलं. पुढं कुठल्या डॉक्टरकडे जावं लागलं तर उपयोगी पडतं.

साखर तपासली, आटोक्यात होती. ती आटोक्यात नसती तर डॉक्टर खालच्या दाताचीही घाई करणार नव्हत्या. विडी-सिगारेट ओढणाऱ्याचंही तेच. धुरानं हिरडीचा रक्तपुरवठा कमी होतो. मिश्री सोडायला सांगितल्यावर आत्या रस्ताभर गप्प बसली.

(दृश्य : मांडव. पंगत. ताटात कुंदा.)

लग्नात आत्या फोटोवाल्याकडे बघून मनसोक्त हसली. खव्याचा मऊ कुंदा दोनदा घेतला. विहीणबाई करदंटाचं ताट घेऊन आल्या तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

“न्हाई ओ,” आत्या म्हणाली. “खालचा श्रावणात पक्का हुतोय. वरचा दिवाळीला. तवा धाडून द्या, दोन डबे.”