झरा एका उतारावर, त्याचा पाऊस दुसऱ्या

मित्रहो, जंगल, डोंगर आणि पाणी ही तीन नावं आपण एका दमात घेतो, आणि कारभाराची वेळ आली की तिघांना वेगवेगळ्या खात्यांत वाटून टाकतो. एक खातं झाडं मोजतं, दुसरं धरणातला साठा. डोंगराला बहुतेक ठिकाणी वालीच नसतो. या वाटणीतली चूक एखाद्या आटलेल्या झऱ्यापाशी उभं राहिलं की दिसते.

डोंगरावर पाऊस पडतो तेव्हा थेंबांचा पहिला मारा जंगलाची पानं झेलतात. खाली पालापाचोळ्याची गादी असते, ती पाण्याची धाव मंद करते. कुजलेल्या मुळांनी, गांडुळांनी करून ठेवलेल्या वाटांनी पाणी मातीत उतरतं आणि तिथून खडकाच्या भेगांत. हीच माती उघडी पडली की थेंबांच्या माऱ्यानं वरचा थर दडपतो, पाणी मुरायचं सोडून वाहायला लागतं आणि जाताना माती घेऊन जातं. ती खालच्या धरणात गाळ होऊन बसते.

खडकात शिरल्यावर मात्र पाण्याची वाट बदलते. जमिनीवरचं पाणी उताराचं ऐकतं, खडकातलं पाणी बऱ्याचदा थरांच्या कलाचं. थर पूर्वेकडे कललेले असतील तर पश्चिमेच्या उतारावर मुरलेला पाऊस पूर्वेच्या झऱ्यातून बाहेर पडू शकतो. 'माथा ते पायथा', म्हणजे डोंगराच्या माथ्यापासून सुरुवात करून खाली पायथ्यापर्यंत पाणी अडवत-मुरवत यायचं, हे तत्त्व मला मान्यच आहे, पण माथा कुठल्या बाजूचा, हे आधी विचारायला हवं. झरा आटला म्हणून लोक त्याच्याभोवती झाडं लावतात, मनापासून राबतात, आणि पाणी मुरण्याची खरी जागा डोंगरापलीकडे, कदाचित दुसऱ्याच गावाच्या हद्दीत, उघडीबोडकी राहते. ही मेहनत वाया जाताना बघवत नाही. सिक्कीममध्ये २००८ साली सुरू झालेल्या 'धारा विकास' कार्यक्रमानं आधी खडकांचा अभ्यास करून पुनर्भरणाची जागा शोधली, मग तिथे चर आणि तळी खोदली. सुकत चाललेले कित्येक झरे त्यामुळे सावरले.

झाडांबद्दलही एक अवघड गोष्ट बोललीच पाहिजे. झाडं लावली की पाणी वाढतंच, असं नाही. दक्षिण आफ्रिकेत गवताळ, झुडपी डोंगरउतारांवर पाइन आणि निलगिरीची लागवड झाली, आणि ओढ्यांचं पाणी घटल्याचं अनेक वर्षांच्या मोजणीत दिसून आलं. १९९५ साली तिथल्या सरकारनं 'वर्किंग फॉर वॉटर' हा कार्यक्रम काढला, तो पाणलोटात माजलेली परकी झाडं काढून टाकण्यासाठी! मूळचं जंगल राखणं आणि माळावर एकाच जातीची रोपं उभी करणं, ही दोन वेगळी कामं आहेत. म्हणून नुसत्या लावलेल्या रोपांच्या आकड्यावर जंगलाचा हिशेब मांडलेला मला खटकतो.

राखणार कोण? स्वित्झर्लंडमधल्या टोर्बेल गावानं १५१७ साली सामाईक कुरणासाठी नियम केला: हिवाळ्यात जेवढी गुरं पोसता येतील, तेवढीच उन्हाळ्यात डोंगरावर पाठवायची. शेजाऱ्यालाही सहज पडताळता येईल असा हा नियम. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी अशी उदाहरणं जगभरातून अभ्यासली. सामाईक साधनांच्या या कामासाठी त्यांना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

पण टोर्बेलमध्ये सगळे एकाच गावचे. झऱ्याच्या बाबतीत पाणी पिणारे एका बाजूला आणि पाऊस मुरवणारे दुसऱ्या बाजूला असू शकतात. पलीकडच्यानं आपल्या उतारावर चराई कमी करावी, कुऱ्हाड आवरावी, तर त्याच्या पदरात काय पडणार? न्यूयॉर्क शहरानं १९९७ च्या करारात याचं उत्तर दिलं. पाणी गाळण्याचा प्रचंड खर्चाचा प्रकल्प उभारण्याऐवजी त्यांनी वरच्या कॅटस्किल डोंगरांतल्या शेतकऱ्यांना आणि गावांना पाणलोट स्वच्छ राखण्यासाठी पैसा दिला. त्या डोंगरांतलं पाणी आजही जंतुनाशक प्रक्रिया करून, पण न गाळता शहरात येतं.