चिकटपट्ट्या सुटल्या, वजनं राहिली

श्रोतेहो, नमस्कार. आज जेडबद्दल बोलायचंय. तोच हिरवा गुळगुळीत दगड, हातात घेतला की आधी गार लागतो आणि मग सोडवत नाही. आपल्या गोव्यात कितीतरी घरांतलं कोणी ना कोणी बोटीवर होतं, हाँगकाँगला बोट लागली की बायकोला बांगडी, आईला माळ असं काहीतरी यायचंच, आणि मग ते कपाटात जायचं ते जायचंच. अशा वस्तू घरात असतील तर त्यांची नोंद कशी ठेवायची, पावसाळ्यात त्या कशा सांभाळायच्या आणि मांडायच्या कशा, हे सांगते. पण आधी मामांची गोष्ट.

माझे मामा तारवटी. बोटीवर स्टोअरकीपर होते, त्यामुळे आयुष्यभर हातात वही आणि समोर काटा. त्यांनी जमवलेले जेडचे 31 नग. बांगड्या, मणी, एक छोटा मासा, दोन-तीन वाट्या आणि मधे भोक असलेल्या गोल चकत्या, चीनमध्ये ह्या चकत्या हजारो वर्षांपासून करतात, 'बी' म्हणतात त्यांना. प्रत्येक नगाला मामांनी चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर पेनाने लिहिलेलं, कुठे घेतला, कधी घेतला, वजन किती. आणि सगळं ठेवलेलं बिस्किटांच्या दोन पत्र्याच्या डब्यांत.

मामा गेले आणि पुढच्या आषाढात मामीने डबा उघडला. मला फोन, "अगो, हें कितें जालें, बेगीन यो!" मी फोंड्याहून धावत गेले. बघते तर दमट हवेने चिकटपट्टीचा गोंद पघळलेला, सगळ्या पट्ट्या सुटून डब्याच्या तळाशी एकमेकींना चिकटलेल्या. 31 नग आणि 31 पट्ट्या, आणि कुठली कुणाची ते सांगणारा माणूस नाही. मामी तिथेच खाली बसली. म्हणाली, दगड राहिले पण ते कुठून आणले तेच गेलं.

पण पट्ट्या वाळवून वाचायला बसलो तर प्रत्येकीवर वजन होतं! ग्रॅममध्ये, दशांशासकट. (आता माझं मत सांगते, मासे काट्यावर घ्यायला लागले लोक ते मला अजून पटत नाही, वाट्यावर घेण्यात बाजारवालीशी दोन शब्द होतात, पण दगडाला मात्र काटाच हवा.) बाजारातले आमचे शेट, म्हणजे सोनार, त्यांच्याकडे दोन्ही डबे घेऊन गेलो. शेट एकेक नग काट्यावर ठेवणार, आकडा बोलणार, मामी पट्टी शोधणार आणि मी वहीत लिहिणार. मासा सापडला, वाट्या सापडल्या, मामीच्या लग्नातली बांगडी सापडली तेव्हा तिने ती आधी हातात घालून बघितली, मग पुढचं. दुपारपर्यंत 29 नगांना आपापली पट्टी मिळाली.

राहिल्या दोन चकत्या. दोन्ही हिरव्या, दोन्हींचं वजन 41 ग्रॅम. एका पट्टीवर 'चकती, बर्मा, हाँगकाँगला घेतली', दुसरीवर 'चकती, कॅनडा, व्हँकुव्हर'. मामी म्हणाली राहू दे आता, दोन्ही त्यांच्याच. शेट म्हणाले नाही, थांबा. त्यांनी काचेच्या पेल्यात पाणी घेतलं, पेला काट्यावर ठेवला, काटा शून्यावर आणला. मग एक चकती दोऱ्याला बांधून पाण्यात सोडली, पूर्ण बुडेल अशी, पण तळाला न टेकता, आणि अंगावरचे बुडबुडे पुसून. काट्यावर आकडा आला 12.3. दुसरी सोडली, 13.9. वजन तेच आणि एकीने पाणी कमी सारलं तर दुसरीने जास्त! 41 ला 12.3 ने भागा, 3.33 येतात. 41 ला 13.9 ने भागा, 2.95. ही झाली घनता, म्हणजे तेवढ्याच जागेतल्या पाण्यापेक्षा दगड किती पट जड.

याचं कारण असं की जेड नावाचे दगडच दोन आहेत. दोन. एक जेडाइट, एक नेफ्राइट, ते वेगळे आहेत हे 1863 मध्ये फ्रान्सचे खनिजतज्ज्ञ दामूर यांनी दाखवलं. जेडाइट जड, घनता 3.3 च्या आसपास, ब्रह्मदेशातून येतो तो हा. नेफ्राइट साधारण 2.95, चीनमधल्या खोतानचा, मोगलांच्या पेल्यांचा आणि कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियाचाही. म्हणजे पाणी कमी सारणारी चकती बर्माची, जास्त सारणारी व्हँकुव्हरची. शेटनी पैसे घेतले नाहीत. मामीने त्या दोन पट्ट्या पदराच्या टोकाला बांधल्या आणि घरी येईपर्यंत कोणाशी बोलली नाही.

तर नोंद करताना वजन लिहा. पुन्हा सांगते, वजन लिहा, मापं लिहा, तडा असेल तर कुठे आहे ते लिहा, मागून टॉर्च धरला की दिसतो. वहीत दोन रकाने वेगळे ठेवा, दुकानदाराने काय 'सांगितलं' आणि आपण काय 'तपासलं'. घनता 2.6 च्या आसपास आली तर तो बहुतेक सर्पेंटाइन किंवा क्वार्ट्झ, जेड नाही. मात्र ॲसिडने धुऊन आत पॉलिमर, म्हणजे प्लास्टिकसारखा पदार्थ, भरलेला जेड, ज्याला इंग्रजी अक्षरावरून 'B टाइप' म्हणतात (चकतीचा 'बी' वेगळा), तो पाण्याने नक्की कळत नाही, त्याला रत्नांची लॅबच लागते. फोटो सकाळच्या उजेडात, शेजारी फूटपट्टी ठेवून. आणि फोटो मोबाइलमध्येच ठेवू नका हो, कागदावर काढा, मोबाइल बिघडला की बारशापासूनचे फोटो जातात, किती घरांत बघितलंय मी.

ठेवणं सोपं आहे. दगडाला दमटपणाने काही होत नाही, बाकी सगळ्याला होतं. माळेच्या रेशमी दोऱ्याला बुरशी येते, लाकडी स्टँडला वाळवी लागते, चांदीचं कोंदण काळं पडतं. म्हणून प्रत्येक नग जुन्या मऊ सुती कापडाच्या वेगळ्या पिशवीत, नंबराची चिठ्ठी दोऱ्याने पिशवीला बांधलेली. दोऱ्याने, गोंदाने नाही. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या, रंग बदलला की बदला. धूळ कोरडी घासू नका, तिच्यातली वाळू जेडपेक्षा कडक असते आणि पॉलिश घालवते, आधी ओल्या मऊ कपड्याने टिपून घ्या.

मांडायचं तर पावसाची झड लागणाऱ्या भिंतीला शोकेस नको. जुन्या घरात शिंपल्यांच्या खिडक्या असतील तर त्यांच्या उजेडासारखा उजेड जेडला दुसरा नाही, आणि त्या काढून काळी काच बसवतात लोक, मला खरंच वाईट वाटतं. बल्ब एलईडीचा, तापणारा नको, तापला की चकाकीसाठी वर लावलेलं मेण उडतं. जड नग खालच्या फळीवर, बांगडी आडवी, फेल्टवर. जेड चिवट आहे खूप, आतले तंतू नाहीतर कण एकमेकांत गुंतलेले असतात, तरी बांगडी टाइल्सवर पडली की दोन तुकडे.

मामीच्या शोकेसला आम्ही कुलूप लावणार होतो. ती नको म्हणाली. त्या दोन चकत्या तिने मधल्या फळीवर, हाताला लागतील अशा ठेवून घेतल्यात, मागे एक बारीक दिवा. बर्माची डावीकडे, व्हँकुव्हरची उजवीकडे, आणि दोन्हींच्या पायाशी मामांच्या अक्षरातल्या पट्ट्या, आता काचेखाली. नमस्कार.